पीट रोझ: विक्रम आहे, पाटी नाही

बेसबॉलच्या इतिहासात सर्वाधिक हिट्स मारणारा खेळाडू कोण, या प्रश्नाला एकच उत्तर आहे: पीट रोझ, ४२५६. आणि बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंचा गौरव करणाऱ्या संग्रहालयात, ज्याच्या नावाची पाटी नाही असा सर्वांत मोठा खेळाडू कोण, असं विचारलं तर बहुतेक अमेरिकन माणसं पुन्हा तेच नाव घेतील. रोझ ३० सप्टेंबर २०२४ रोजी लास व्हेगासमध्ये वारला, वय ८३. बेसबॉलवर पैसे लावल्याबद्दल १९८९ मध्ये त्याच्यावर आलेली बंदी १३ मे २०२५ रोजी उठली. म्हणजे जिवंतपणी जे मिळालं नाही ते मेल्यावर साडेसात महिन्यांत मिळालं. आता पाटी लावायची की नाही, यावर अमेरिकेत पुन्हा वाद पेटला आहे.

हा वाद बाहेरून फार सोपा दिसतो. एक बाजू म्हणते, "खेळ बघा, माणूस नको." दुसरी म्हणते, "नियम मोडला, संपलं." खरं तर यात तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत: त्याला बेसबॉलमध्ये काम करू द्यायचं का, त्याचा विक्रम मानायचा का, आणि त्याला गौरवायचं का. तिन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात, आणि माझ्या मते ती वेगळीच आहेत.

आधी ४२५६ म्हणजे किती ते समजून घेऊ. पिचरने टाकलेला चेंडू टोलवून, प्रतिस्पर्धी संघाने बाद करायच्या आत किमान पहिल्या बेसवर, म्हणजे धावण्याच्या मार्गावरच्या पहिल्या थांब्यावर, पोहोचलं की एक हिट. क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे पोहोचलात तर ती हिट धरत नाहीत. दहा प्रयत्नांत तीन हिट्स मारणारा फलंदाज उत्तम समजला जातो, म्हणजे अपयशाचं प्रमाण सत्तर टक्के असूनही उत्तम. १६२ सामन्यांच्या हंगामात २०० हिट्स ही मोठी गोष्ट. अनेक चांगल्या खेळाडूंना आयुष्यात एकदाही तेवढ्या जमत नाहीत. रोझच्या आकड्यापर्यंत जायचं तर दर वर्षी २०० असं ओळीने २१ वर्षं करावं लागेल, आणि तरीही ५६ कमी पडतील. २०२५ च्या हंगामात खेळणाऱ्या एकाही खेळाडूच्या नावावर ३००० हिट्सदेखील नव्हत्या.

रोझ सिनसिनाटीचा. ओहायो राज्यातल्या याच शहरात १९४१ मध्ये जन्मला आणि १९६३ मध्ये तिथल्याच रेड्स संघातून खेळू लागला. अंगभूत प्रतिभेच्या बाबतीत त्याला काही दैवी देणगी नव्हती. फार वेगवान नाही, फार ताकदवान नाही. पण पिचरने चार चेंडू टप्प्याबाहेर टाकले की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो आणि बाकीचे जिथे सावकाश चालत जातात, तिथेही हा गडी जीव खाऊन धावत सुटे. नवखा असतानाच त्याला 'चार्ली हसल' असं टोपणनाव पडलं. यँकीज संघातल्या बड्या खेळाडूंनी ते चेष्टेने दिलं होतं. त्याने ते पदकासारखं मिरवलं. बेसवर तो डोकं पुढे करून झेपावायचा. १९७० च्या ऑल-स्टार सामन्यात, म्हणजे ज्याला तसा प्रदर्शनी सामनाच म्हणायचा अशा सामन्यात, विजयी धाव काढताना त्याने कॅचर (क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा) रे फॉसी याला अशी धडक दिली की फॉसीच्या खांद्याचं हाड मोडलं. त्याची कारकीर्द पुन्हा पूर्वीसारखी झाली नाही. रोझच्या चाहत्यांना हा जिंकण्याचा ध्यास वाटतो. मला त्यात पुढच्या सगळ्या गोष्टीची चुणूक दिसते, पण ते असो.

सिनसिनाटीसारख्या कामगारवस्तीच्या शहराला हा माणूस आपला वाटला, यात नवल नाही. १९७५ आणि १९७६ अशा ओळीने दोन वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाच्या मालिका, रेड्सने जिंकल्या, तिसरी त्याने १९८० मध्ये फिलाडेल्फिया फिलीजकडून मिळवली. ११ सप्टेंबर १९८५ रोजी सिनसिनाटीतच त्याने ४१९२ वी हिट मारून टाय कॉबचा अनेक दशकांचा विक्रम मागे टाकला. तेव्हा तो खेळाडूही होता आणि संघाचा मॅनेजरही. शहराने एका रस्त्याला त्याचं नाव दिलं.

मॅनेजर हा शब्द इथे नीट समजला पाहिजे, कारण सगळं प्रकरण त्याभोवती फिरतं. बेसबॉलमधला मॅनेजर म्हणजे हिशेब सांभाळणारा व्यवस्थापक नव्हे. क्रिकेटमधला कप्तान आणि प्रशिक्षक एकत्र केला तर जो होईल तो. कोण खेळणार, कोणत्या क्रमाने, पिचर कधी बदलायचा, दुखऱ्या खांद्याच्या पिचरला आज टाकायला लावायचं की विश्रांती द्यायची, हे सगळं त्याच्या हातात.

१९८९ च्या सुरुवातीला बेसबॉलच्या मुख्य कार्यालयाच्या कानावर आलं की रोझ बुकींकडे पैसे लावतो, आणि तेही बेसबॉलवर. जॉन डाउड या वकिलाला चौकशी दिली गेली. त्याने २२५ पानी अहवाल दिला. बुकींच्या चोपड्या, फोनच्या नोंदी, मध्यस्थांच्या जबान्या असा सगळा मालमसाला त्यात होता. एकट्या १९८७ च्या हंगामात रोझने रेड्सच्या ५२ सामन्यांवर पैसे लावले, असं अहवाल म्हणतो. म्हणजे स्वतःच मॅनेजर असलेल्या संघावर.

रोझ आपल्या संघाविरुद्ध पैसे लावत असल्याचा पुरावा डाउडला मिळाला नाही. रोझच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा हुकमाचा पत्ता. माझा संघ जिंकेल यावर मी पैसे लावले, मग मी हरण्यासाठी थोडाच खेळलो? हे ऐकायला बिनतोड वाटतं, म्हणून जरा थांबून बघू.

समजा मॅनेजरने आजच्या सामन्यावर दहा हजार डॉलर लावलेत. आठव्या डावात सामना अटीतटीला आला आहे. त्याचा सर्वोत्तम राखीव पिचर काल आणि परवा सलग टाकून दमलाय. हंगाम सहा महिन्यांचा आहे, शहाणा मॅनेजर त्याला आज बसवील. दहा हजार अडकलेला मॅनेजर त्याला उठवील. संघ कदाचित जिंकेलही, पण एका तरुण पोराचा खांदा त्यात गहाण पडेल. हा पहिला धोका. दुसरा याहून चोरटा आहे. रोझ रोज पैसे लावतो हे बुकीला ठाऊक असेल आणि एखाद्या दिवशी त्याने लावले नाहीत, तर तो न लावणंच बातमी ठरते. आज मॅनेजरला स्वतःच्या संघाची खात्री नाही, हे बुकीला कळलं. जगाला कळलं नाही. तिसरा धोका उधारीचा. अवैध बुकीकडे उधारी चढते आणि ती फेडता आली नाही की बुकी पैशांऐवजी दुसरं काहीतरी मागतो. तेव्हा "मी फक्त जिंकण्यावरच लावतो" हे तत्त्व किती टिकेल?

म्हणून बेसबॉलचा एकविसावा नियम जिंकण्यावर आणि हरण्यावर लावलेल्या पैशात फरकच करत नाही. ज्या सामन्याशी तुमचा संबंध नाही त्यावर पैसे लावलेत तर एक वर्ष बाहेर. ज्या सामन्यात तुमचं काही काम आहे त्यावर लावलेत तर कायमचे बाहेर. हा नियम प्रत्येक संघाच्या खेळाडूंच्या खोलीत भिंतीवर लावलेला असतो. रोझने तो आयुष्यातली पंचवीसेक वर्षं येता-जाता पाहिला होता.

नियम इतका कडक का, याचं उत्तर १९१९ मध्ये आहे. त्या वर्षी शिकागो व्हाइट सॉक्सच्या खेळाडूंनी जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन वर्ल्ड सिरीज हरायची ठरवली. १९२१ मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडलं, पण नव्यानेच नेमलेले कमिशनर, म्हणजे बेसबॉलचे प्रमुख, न्यायाधीश लँडिस यांनी दुसऱ्याच दिवशी आरोप झालेल्या आठ जणांना हाकलून दिलं. त्यात 'शूलेस' जो जॅक्सन होता, त्या काळातल्या अव्वल फलंदाजांपैकी एक. आणि १९१९ ची ती सिरीज जिंकली कोणी? रोझच्याच सिनसिनाटी रेड्सनी. योगायोग आहे, त्यापलीकडे अर्थ काढू नये.

२४ ऑगस्ट १९८९ रोजी कमिशनर बार्ट जियामाटी यांनी रोझवर कायमची बंदी जाहीर केली. दोघांत लेखी करार झाला होता. त्यात रोझने आरोप मान्यही केले नाहीत, नाकारलेही नाहीत, आणि वर्षभरानंतर पुनर्विचाराचा अर्ज करायची मुभा त्याला होती. रोझला वाटलं, वर्षभराने सुटू. पण त्याच पत्रकार परिषदेत जियामाटींनी सांगितलं की त्यांच्या मते रोझने बेसबॉलवर पैसे लावले होते. त्यानंतर आठच दिवसांत जियामाटी हृदयविकाराने गेले. त्यांच्यानंतर आलेल्यांपैकी कुणालाही रोझला माफ करण्यात रस उरला नाही. १९९० मध्ये उत्पन्न लपवल्याबद्दल रोझला पाच महिने तुरुंगवासही झाला, तो मात्र कर खात्याच्या गुन्ह्यासाठी; जुगाराच्या बंदीशी त्याचा थेट संबंध नाही. लोक या दोन गोष्टींची हमखास गल्लत करतात.

आणखी एक गल्लत याहून महत्त्वाची आहे. बंदी घातली ती मेजर लीग बेसबॉलने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या संस्थेने. हॉल ऑफ फेम ही वेगळी संस्था आहे; न्यू यॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउन या छोट्या गावातलं खासगी संग्रहालय. १९८९ मध्ये तिच्या नियमांत बंदी घातलेल्यांविषयी काही नव्हतं. निवृत्तीनंतर पाच वर्षं गेली की खेळाडूचं नाव क्रीडा पत्रकारांसमोर मतदानाला येतं. रोझची वेळ १९९२ ला येणार होती. १९९१ च्या फेब्रुवारीत हॉलच्या संचालकांनी ठराव केला की बंदी असलेल्याचं नाव मतपत्रिकेवर येणारच नाही. वेळ साधून केलेला हा ठराव कुणासाठी होता हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. १९९२ मध्ये ४१ पत्रकारांनी चिडून मतपत्रिकेवर हाताने त्याचं नाव लिहिलं. ती मतं धरली गेली नाहीत.

मला ही गोष्ट बंदीपेक्षा जास्त खटकते. उत्तेजकांच्या संशयात सापडलेल्या बॅरी बाँड्सचं नाव दहा वर्षं मतपत्रिकेवर होतं. पत्रकारांनी दरवर्षी विचार केला, भांडले, आणि २०२२ मध्ये शेवटच्या संधीलाही त्याला निवडून यायला लागणाऱ्या ७५ टक्क्यांऐवजी ६६ टक्के मतं मिळाली. बाँड्सला नकार मिळाला, पण तो विचारून मिळाला. रोझच्या बाबतीत प्रश्न विचारायचीच सोय ठेवली नाही, आणि त्यामुळे तो आयुष्यभर हुतात्म्याच्या थाटात वावरू शकला.

विक्रमाचं काय? तो कुणीच काढून घेतला नाही. ४२५६ हा आकडा अधिकृत नोंदीत आहे. रोझची बॅट आणि इतर वस्तू हॉलच्या संग्रहालयात मांडलेल्या आहेत. नाही ती फक्त काशाची पाटी, त्या खास दालनातली. तेव्हा "इतिहासातून त्याला पुसलं" ही ओरड खरी नाही.

रोझ स्वतः कसा वागला? पंधरा वर्षं तो खोटं बोलला. मुलाखतींत, दूरदर्शनवर, चाहत्यांच्या तोंडावर. त्या काळात डाउडला खोटारडा म्हणणारे त्याचे चाहते कमी नव्हते. २००४ मध्ये त्याने कबूल केलं की हो, मॅनेजर असताना रेड्सवर पैसे लावले. पण कबुली दिली ती आपलं पुस्तक विकायला काढताना, आणि तीही हॉलच्या नव्या मानकऱ्यांची नावं जाहीर होण्याच्या आठवड्यात. खेळाडू असताना मात्र कधीच नाही, असं तो तेव्हाही म्हणत राहिला. २०१५ मध्ये त्याच्या एका जुन्या साथीदाराची वही पत्रकारांच्या हाती लागली आणि १९८६ मध्ये मैदानात खेळत असतानाही तो पैसे लावत होता हे उघड झालं. त्याच वर्षी कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी त्याचा अर्ज फेटाळला. रोझने त्यांना भेटीत सांगितलं होतं की तो अजूनही कायदेशीर मार्गाने पैसे लावतो, बेसबॉलवरसुद्धा. प्रामाणिकपणा कुठे दाखवायचा याचं भान त्याला शेवटपर्यंत आलं नाही.

लास व्हेगासमध्ये बसून तो चेंडूंवर सह्या विकायचा. 'बेसबॉलवर पैसे लावल्याबद्दल मी दिलगीर आहे' असं लिहिलेले चेंडूही त्यात असत. नव्या मानकऱ्यांच्या सोहळ्याच्या आठवड्यात तो कूपरस्टाउनलाच येई आणि मुख्य रस्त्यावरच्या दुकानात टेबल टाकून बसे, संग्रहालयापासून हाकेच्या अंतरावर. त्याच्यापुढे रांग लागायची.

जुगाराच्या या कोलाहलात एक गोष्ट नेहमी कोपऱ्यात ढकलली जाते. २०१७ मध्ये न्यायालयातल्या एका कागदात एका स्त्रीने शपथेवर सांगितलं की १९७० च्या दशकात रोझने तिच्याशी शरीरसंबंध ठेवले तेव्हा ती सोळा वर्षांचीही नव्हती. ओहायोत संमतीचं वय सोळा. रोझने संबंध नाकारले नाहीत. ते १९७५ मध्ये सुरू झाले आणि ती सोळाची आहे असं मला वाटलं, असं त्याचं म्हणणं. तेव्हा तो चौतिशीचा होता, लग्न झालेला, मुलांचा बाप. या प्रकरणी त्याच्यावर गुन्हा कधीच दाखल झाला नाही. पण फिलीजनी २०१७ मध्येच त्याचा ठरलेला सत्कार रद्द केला. २०२२ मध्ये ते त्याला पुन्हा मैदानावर घेऊन आले, आणि एका महिला पत्रकाराने याबद्दल विचारलं तेव्हा "त्याला पंचावन्न वर्षं झाली" म्हणून त्याने तिला 'बेब' अशी हाक मारून उडवून लावलं. पंचावन्न हा हिशेबही चुकीचा होता.

यावर ठरलेलं उत्तर येतं: हॉलमध्ये काय सगळे संत बसलेत? नाहीत. कॅप ॲन्सन १९३९ पासून तिथे आहे, आणि काळ्या खेळाडूंसोबत मैदानात उतरायला नकार देणाऱ्यांत तो आघाडीवर होता. हे खरंच आहे. पण पूर्वी चुकीची माणसं बसवली म्हणून आता आणखी एक बसवा, हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही. हॉलच्या मतदारांना ज्या निकषांवर मत द्यायचं असतं, त्यांत कामगिरीबरोबर सचोटी, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्य लिहिलेलं आहे. ॲन्सनच्या निवडीच्या वेळी ते निकष अजून लिहिलेही गेले नव्हते, तेव्हा यात निकषांचा दोष नाही.

दुसरा मुद्दा मात्र जड आहे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना खेळांवरच्या सट्ट्याला परवानगी द्यायची मोकळीक दिली. तेव्हापासून मेजर लीगचे सट्टा कंपन्यांशी करार आहेत, सामन्याच्या प्रक्षेपणात त्यांच्या जाहिराती आहेत. जुगाराच्या पैशावर चालणाऱ्या लीगने रोझला जुगारी म्हणणं ढोंगीपणाचं दिसतं. दिसतं, पण प्रेक्षकाने पैसे लावणं आणि निर्णय ज्याच्या हातात आहे त्याने लावणं यात अंतर आहेच. उलट बाहेर सट्टा जितका वाढेल तितकी आतली भिंत उंच हवी. २०२४ मध्ये तुकुपिता मार्कानो या खेळाडूला याच नियमाखाली कायमचं काढलं गेलं. २०२५ च्या नोव्हेंबरात क्लीव्हलँडच्या दोन पिचरांवर ठराविक चेंडू कसे टाकायचे हे सट्टेबाजांना आधी सांगितल्याचा आरोप ठेवला गेला. दोघांनी तो नाकारला आहे.

आपल्याकडच्या वाचकाला साहजिकच मोहम्मद अझरुद्दीन आठवेल. २००० मध्ये बीसीसीआयची आजीवन बंदी, २००९ मध्ये खासदारकी, २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी बेकायदा ठरवली, २०१९ मध्ये हैदराबाद क्रिकेट संघटनेचा अध्यक्ष. क्रिकेटने तो प्रश्न सोडवला नाही, कंटाळून सोडून दिला. बेसबॉलने पस्तीस वर्षं दार बंद ठेवलं, एवढं श्रेय त्यांना द्यायला हरकत नाही.

मग ते दार उघडलं कसं? रोझच्या मृत्यूनंतर त्याच्या कुटुंबाच्या वकिलाने अर्ज केला. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी २०२५ च्या फेब्रुवारीत रोझला हॉलमध्ये घ्या म्हणून जाहीर आवाज दिला आणि माफीची घोषणा केली. पुढे मॅनफ्रेड त्यांना भेटलेही. मे महिन्यात मॅनफ्रेडनी ठरवलं की कायमची बंदी मृत्यूबरोबर संपते, कारण गेलेला माणूस खेळाला धोका देऊ शकत नाही आणि जन्मभर टिकणाऱ्या शिक्षेहून मोठी जरब नाही. रोझसह सतरा मृतांची नावं यादीतून निघाली, त्यात जो जॅक्सनही. तर्क पटण्यासारखा आहे. वेळ मात्र दबावाची वाटते. बंदी उठल्याच्या दुसऱ्याच दिवशी सिनसिनाटीत रोझच्या सन्मानाची रात्र आधीपासून ठरलेली होती, ती जल्लोषात झाली.

थोडक्यात, कामाची बंदी संपली, विक्रम जागेवर आहे, उरला फक्त गौरव. मला मत असतं तर मी ते रोझला दिलं नसतं, आणि त्यात जुगार हे कारण तिसऱ्या क्रमांकाचं असतं. पहिली ती मुलगी, मग पंधरा वर्षांचं खोटं.

खरं मत देणार आहेत सोळा जण. १९८० पूर्वीच्या खेळाडूंचा विचार करणारी हॉलची समिती २०२७ च्या डिसेंबरात बसेल. आधी एक वेगळी समिती आठ नावं निवडेल. रोझचं नाव त्यात येईलच असं नाही. प्रत्येक सदस्याला जास्तीत जास्त तीन मतं, निवडून यायला बारा लागतात. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. बाराने भागा, म्हणजे फार तर चार जण जाऊ शकतात, आणि मतं फुटली तर एकही नाही. रोझला दिलेलं प्रत्येक मत दुसऱ्या कुणाचं तरी असतं, हे या वादात जवळजवळ कुणी बोलत नाही.

कारण याच समितीपुढे ती माणसंही असतात ज्यांना मेजर लीगने काहीही गुन्हा नसताना, फक्त रंगामुळे, खेळूच दिलं नाही. जॉन डोनाल्डसन हा डावखुरा काळा पिचर त्यातला एक. १८९१ चा जन्म, गावोगाव फिरून सामने खेळण्यात उमेद गेली. संशोधकांनी जुनी वर्तमानपत्रं चाळून त्याचे चारशेहून जास्त विजय आणि पाच हजारांहून जास्त स्ट्राइकआउट (फलंदाजाला चेंडू टोलवू न देता बाद करणं) शोधून काढले आहेत. २०२४ च्या डिसेंबरात त्याचं नाव आठांत होतं. तो निवडून आला नाही.